फासा पात्राचा की अंगठा तुमचा? अ‍ॅक्शन आरपीजी आणि पारंपरिक आरपीजी

कोपरखैरण्याला राहणाऱ्या, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलीने विचारलंय: “ताई, पोकेमॉनमध्ये लेव्हल वाढते, एल्डन रिंगमध्येही वाढते. दोन्हीकडे स्टॅट्स, म्हणजे पात्राच्या ताकदीचे वगैरे आकडे आहेत, शस्त्रं आहेत, गोष्ट आहे. मग एकाला नुसतं आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, पात्राची भूमिका घेऊन खेळायचा खेळ) आणि दुसऱ्याला अ‍ॅक्शन आरपीजी म्हणायचं ते कशावरून? नेटवर सगळीकडे ‘एक टर्न-बेस्ड, दुसरा रिअल-टाइम’ एवढंच सापडतं. आणि आम्हा तिघांना प्रोजेक्टसाठी यातला एक प्रकार करायचाय, तर कुठला झेपेल?”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे घाईत असशील तर बाकीचं रविवारी वाच: टर्न-बेस्ड, म्हणजे पाळीपाळीने खेळायचा, करा. का ते शेवटी सांगते.

आता पहिला प्रश्न. ‘टर्न-बेस्ड विरुद्ध रिअल-टाइम’ ही व्याख्या अगदीच चूक नाही, पण अर्धी आहे. आपल्या घरातल्या खेळांवर लावून बघ. सारीपाटात पाळी येते, दान पडतं, सोंगटी पुढे जाते. बुद्धिबळात पाळी येते, दान नसतं. कबड्डीत कुणाची वाट बघायची सोयच नाही. आणि कॅरम? कॅरममध्ये पाळी असते, हवा तेवढा वेळ विचार करता येतो, पण शेवटी स्ट्रायकर बोटानेच मारावा लागतो. नौपाड्यात आमच्या सोसायटीत गणपतीत कॅरमचे सामने होतात. तळमजल्यावरचे काका दरवर्षी जिंकतात. समोरचा पाच-पाच मिनिटं कोन मोजत बसतो, पण क्वीन काही त्याच्या विचाराने पॉकेटात जात नाही.

म्हणजे इथे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि नेटवरची व्याख्या त्यांची मोट बांधते. घड्याळ तुमच्यासाठी थांबतं का, हा एक. आणि फटका लागला की हुकला हे कोण ठरवतं, पात्राचे आकडे की तुमचा हात, हा दुसरा. मी गेली सतरा वर्षं गेम बनवण्याच्या धंद्यात आहे, त्यातली पहिली चार टेस्टिंगमध्ये गेली आणि बाकीची लढाईचे आकडे जुळवण्यात. या अनुभवावरून सांगते, खरा फरक दुसऱ्या प्रश्नात आहे. पहिला बऱ्याचदा त्याच्या मागोमाग येतो, पण नेहमीच येतो असं नाही.

मुळापासून बघू. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला. टेबलाभोवती बसून, कागद-पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा खेळ. त्यातली गंमत अशी की ऐरोलीत नोकरी करणारी, चष्मा लावणारी, जिना चढताना धाप लागणारी माझ्यासारखी बाई तिथे बिनदिक्कत सहा फुटी योद्धा होऊ शकते. मी म्हणते, “राक्षसावर कुऱ्हाड चालवते.” मग वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात योद्ध्याच्या ताकदीची भर घालायची आणि बेरीज राक्षसाच्या चिलखताच्या आकड्याइतकी किंवा जास्त आली की घाव बसला. माझ्या मनगटात जोर आहे का, हा प्रश्नच येत नाही. भूमिका करणं याचा मूळ अर्थ हाच. पात्राला जे येतं ते तुम्हाला यावं लागत नाही. तुम्ही ठरवायचं, पार पाडणार ते पात्र, आणि मधला दुवा म्हणजे फासा.

१९८१ मध्ये ‘अल्टिमा’ आणि ‘विझर्ड्री’ यांनी हीच रीत कॉम्प्युटरवर बसवली. फासा आत गेला, दिसेनासा झाला, पण पडत राहिला. १९८६ मध्ये जपानात ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला, त्याने ही सगळी भानगड ‘लढा, मंत्र, वस्तू, पळा’ अशा छोट्या मेनूत कोंबली आणि घराघरातल्या पोरांना आरपीजी खेळता यायला लागला. पुढच्याच वर्षी ‘फायनल फॅन्टसी’, आणि १९९६ मध्ये तुझा पोकेमॉन. पिकाचूला तू ‘थंडरबोल्ट’ सांगतेस. तो लागेल की नाही, किती लागेल, हे पिकाचूची लेव्हल, समोरच्याचा प्रकार आणि आतला फासा ठरवतात. बटण तू जोरात दाबलंस की हळू, याने काडीचा फरक पडत नाही.

अ‍ॅक्शन आरपीजीत पार पाडण्याचं कामही थोडं तुमच्याकडे येतं. ‘थोडं’ हा शब्द धरून ठेव, पुढे सगळा खेळ त्याच्यावरच आहे.

हा प्रकार अलीकडचा आहे असं अनेकांना वाटतं. पण १९८४ मध्येच जपानात ‘ड्रॅगन स्लेअर’, ‘हायडलाइड’ आणि नामकोचा ‘टॉवर ऑफ ड्रुआगा’ आले होते, म्हणजे ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्याही दोन वर्षं आधी. यातलं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण जरा नंतरचं आहे, १९८७ मधला ‘ईस’. त्यात हल्ल्याचं बटणच नाही! शत्रूला जाऊन धडकायचं. अगदी समोरासमोर धडकलात तर तुम्हालाही लागतं. जरा बाजूला सरकून, अर्धं अंग चुकवून धडकलात तर फक्त त्याला. किती नुकसान होणार ते तुमच्या लेव्हलवर आणि तलवारीवर. पण नुकसान कुणाचं होणार, ते तुमच्या अंगठ्याने साधलेल्या त्या चार-दोन पिक्सेलच्या अंतरावर. एका टकरीत दोन्ही गोष्टी आल्या. ऑफिसात नवीन मुलं येतात तेव्हा मी त्यांना दहा मिनिटं हाच खेळ खेळायला लावते. जुनं ग्राफिक बघून नाकं मुरडतात, मग लंच विसरतात.

(‘झेल्डा’ यात धरायचा का, यावर आमच्या कँटीनमध्ये इतके वाद झालेत की आता चहावाला पोऱ्यासुद्धा मत देतो. १९८६ च्या पहिल्या झेल्डात अनुभवाचे गुण नाहीत, लेव्हल नाही. म्हणून मी तो अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर मानते. १९८७ च्या दुसऱ्या भागात ते गुण आले, मग पुढच्या भागांत गेले. आपल्या पुण्याच्या स्टुडिओने केलेला २०२० चा ‘राजी’ही अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचरच. त्यात लढाई आहे, पण आकड्यांतून घडत जाणारं पात्र नाही.)

आता ‘डायब्लो’. ही गोष्ट प्रत्येक डिझायनरला माहीत असावी. १९९६ च्या अगदी अखेरीस आलेला हा खेळ सुरुवातीला टर्न-बेस्ड होता. तुम्ही एक पाऊल टाकलं की राक्षस एक पाऊल टाकणार. तो रिअल-टाइम करा असा आग्रह झाला तेव्हा मुख्य प्रोग्रामर डेव्हिड ब्रेव्हिक यांचा सक्त विरोध होता. शेवटी टीममध्ये मतदान झालं, ते हरले, आणि मग बसून त्यांनी एका दुपारीच तो बदल करून दाखवला. एवढ्यात कसा झाला? पाळीची पद्धत त्यांनी काढून टाकलीच नाही, पाळी फक्त इतकी आखूड केली की सेकंदाला वीस पाळ्या होऊ लागल्या. एका सांगाड्यावर क्लिक केलं, पात्र चालत गेलं, सांगाड्याचे तुकडे झाले, आणि आपण काय केलंय ते त्यांना तिथेच कळलं. २०१६ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये त्यांनी हे स्वतः सांगितलंय.

पण इथेच एक मेख आहे. ‘डायब्लो २’ मध्येही राक्षसावर क्लिक केलं की घाव बसेलच असं नाही. आत अजून फासा पडतो! तुमचं अटॅक रेटिंग, त्याचं डिफेन्स, दोघांच्या लेव्हल यांतून टक्केवारी निघते. कितीही झालं तरी ५ टक्क्यांच्या खाली नाही आणि ९५ च्या वर नाही. सगळे त्याला अ‍ॅक्शन आरपीजीचा आजोबा म्हणतात आणि आजोबांच्या खिशात फासे आहेतच. तुमच्या हाताकडे काय आलं? कुठे उभं राहायचं, कधी पळायचं, कुणावर आधी क्लिक करायचं, औषधाची बाटली कधी प्यायची. नेम पात्राचा, पाय तुमचे. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला २००९ चा ‘डीमन्स सोल्स’, २०११ चा ‘डार्क सोल्स’ आणि २०२२ चा ‘एल्डन रिंग’. तिथे तलवारीचं पातं शत्रूच्या अंगाला लागलं की लागलं. लोळण घेऊन वार चुकवलात तर चुकला, फासा मध्ये येत नाही. आकडे फक्त किती लागलं ते सांगतात.

म्हणून मी याला दोन कप्पे मानत नाही, चहात दूध किती घालायचं तसं बघते. कुणाचा काळा, कुणाचा दुधाळ, आणि मधले शंभर प्रकार.

कुठल्या खेळात किती दूध, म्हणजे तुमच्या हाताला किती वाव, हे ओळखायची माझी एक युक्ती आहे. विचारायचं: जगातल्या सगळ्यात पटाईत खेळाडूच्या हाती पहिल्या लेव्हलचं पात्र दिलं, लेव्हल वाढवायची नाही असं बजावलं, तर तो शेवटच्या बॉसला, म्हणजे सगळ्यात बलाढ्य शत्रूला, हरवेल का? १९८६ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये नाही. तिथे हल्ल्याच्या आकड्यातून समोरच्याच्या संरक्षणाचा अर्धा आकडा वजा करायचा आणि उरलेल्याचा पाव ते अर्धा भाग, एवढं साधारण नुकसान होतं. पहिल्या लेव्हलचा नायक ड्रॅगनलॉर्डच्या एका फटक्यात गार होतो आणि त्याने मारलेला फटका तिकडे जाणवतही नाही. खेळाडूच्या हुशारीला तिथे जागाच नाही, गणित सुटत नाही. ‘डार्क सोल्स’मध्ये मात्र लेव्हल १ वर सबंध खेळ संपवणारे लोक आहेत, आणि थोडेथोडके नाहीत. दहा-दहा तास मरतात, पण संपवतात. कारण चुकवलेल्या फटक्याचं नुकसान शून्य, मग लेव्हल कुठलीही असो.

याच युक्तीने मोबाइलवरचे काही खेळ उघडे पडतात. दिसायला सगळं अ‍ॅक्शन, उड्या, ठिणग्या, आरोळ्या. पण शत्रूची लेव्हल तुमच्याहून बरीच वर असेल तर तुम्ही कितीही सुंदर खेळा, त्याच्या रक्ताची पट्टी हलत नाही. तिथे तुमच्या अंगठ्याला काम दिलेलं नसतं, नुसतं गुंतवून ठेवलेलं असतं, आणि आकडे वाढवायचे पैसे मागितले जातात. असल्या खेळाला अ‍ॅक्शन आरपीजी म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आता जरा आतलं सांगते, कारण हे पुस्तकांतून कळत नाही.

माझी दुसरी नोकरी महाप्याच्या एमआयडीसीत होती. कंपनीचं नाव घेत नाही. आम्ही फोनसाठी एक टर्न-बेस्ड खेळ अर्ध्यावर आणला होता. चार पात्रांची टोळी, जंगल, वेताळ, देऊळ वगैरे. एक दिवस वरून हुकूम आला: हल्ली अ‍ॅक्शन चालतं, हा अ‍ॅक्शन करा, सहा आठवडे. मेनू काढा, जॉयस्टिक टाका, झालं. आम्हालाही तेव्हा अक्कल नव्हती, आम्ही ‘हो’ म्हटलं.

पहिल्याच दिवशी जे फुटलं ते ‘चपळाई’. जुन्या खेळात पात्राला चपळाई २० असली तर दर पाच हल्ल्यांतला साधारण एक चुकायचा. हा स्टॅट तसाच नव्यात आला. मग टेस्टिंगला बसलेला मुलगा वेताळाची गदा खाली येताना बघतो, वेळेत बाजूला सरकतो, गदा जमिनीवर आपटते, आणि तरी याचं रक्त कमी होतं. कारण आतल्या फाशाने ‘लागलं’ म्हटलं. दुसऱ्या खेपेला तो मुद्दाम स्तब्ध उभा राहतो, गदा टाळक्यात बसते आणि वर अक्षरं येतात: ‘चुकला!’ त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाला, “मॅडम, मला डोळे आहेत ते कशाला?”

याहून नेमकं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. हीच तक्रार हजारो लोकांनी २००२ च्या ‘मोरोविंड’बद्दल केलीय. खेळ पहिल्या पुरुषाच्या नजरेतून, तलवार तुमच्या हातात दिसते, तुम्ही स्वतः ती फिरवता, ती किनाऱ्यावरच्या खेकड्याच्या आरपार गेलेली दिसते, आणि काहीच होत नाही. कारण पात्राचं तलवारीचं कौशल्य कमी आहे, ते दमलेलं आहे आणि आत फासा पडलाय. पारंपरिक खेळात ‘चुकला’ असं आलं तर कुणाला राग येत नाही. तिथलं चित्र नुसतं खुणेपुरतं असतं, योद्धा जागेवर उभा राहून हवेत हात हलवतो आणि पलीकडच्याला लागतं, आपण ते मान्य करूनच बसलेले असतो. अ‍ॅक्शनमध्ये चित्र साक्षीदार असतं. साक्षीदार एक सांगतो आणि निकाल भलताच लागतो, मग खेळणारा चिडणारच. ‘मोरोविंड’च्याच मालिकेतला पुढचा खेळ, २००६ चा ‘ऑब्लिव्हियन’, त्यात हा फासा काढून टाकला. घाव दिसला की बसला. कौशल्य कमी असेल तर घाव हलका. मला विचारशील तर ‘मोरोविंड’मध्ये भूमिका जास्त होती आणि ‘ऑब्लिव्हियन’मध्ये लढाई बरी होती. दोन्ही एकत्र मागणाऱ्यांना मी कोपरापासून नमस्कार करते.

आमच्या खेळाकडे परत. चपळाईचा अर्थ बदलून ‘लोळण घेतल्यावर किती क्षण तुम्हाला काही लागत नाही’ असा केला. मग दुसरी गोष्ट फुटली, शत्रूच्या हल्ल्याची चाहूल. टर्न-बेस्ड खेळात वेताळ गदा किती वेळात उचलतो याला काहीच महत्त्व नसतं, ती निव्वळ शोभा. आमच्या अ‍ॅनिमेटरने ती झटपट आणि देखणी केली होती: उचलल्यापासून आपटेपर्यंत ९ फ्रेम, म्हणजे पडद्यावरची एकामागून एक नऊ चित्रं. खेळ सेकंदाला ३० फ्रेमवर चालायचा, म्हणजे ०.३ सेकंद. आता हिशोब कर. डोळ्याला दिसून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. त्यावर फोनच्या स्क्रीनची आणि टचची दिरंगाई, तेव्हाच्या स्वस्त फोनवर सहज ०.१ सेकंद. झाले ०.३५. गदा ०.३ ला डोक्यात बसलेली! बघून चुकवणं शक्यच नाही, अंदाजाने लोळत राहायचं. आम्ही ते १६ फ्रेमवर नेलं, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या जरा वर. त्या सात फ्रेमनी जे झालं ते लेव्हलचे आकडे महिनाभर हलवून झालं नव्हतं.

तरी तो टेस्टिंगचा मुलगा मार खातच होता. मी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले, स्क्रीनकडे न बघता त्याच्या हाताकडे बघत. दहाव्या मिनिटाला दिसलं. वेताळ उजव्या खांद्यावरून गदा उचलायचा, आणि नेमका तोच खांदा त्याच्या उजव्या अंगठ्याखाली झाकला जात होता. हल्ल्याचं बटण तिथेच होतं ना. चाहूल होती, पण अंगठ्याखाली. गदा डाव्या हातात दिली, पायाखाली धूळ उडवली, आणि त्याच संध्याकाळी त्याने वेताळ पाडला.

तो खेळ शेवटी बाजारात आलाच नाही. टोळीतली वैद्य होती, ती या सगळ्यात निकामी झाली होती. चार जणांना एकाच वेळी दोन अंगठ्यांनी हाकायचं कसं याला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

ही अडचण आमचीच नव्हती, त्या प्रकाराचीच आहे. पारंपरिक खेळात चार-सहा जणांची टोळी सहज चालते, ‘विझर्ड्री’त सहा जण होते, घड्याळ थांबलेलं असतं, एकेकाला सावकाश काम सांगता येतं. अ‍ॅक्शनमध्ये बहुधा एकच पात्र तुमच्या हातात. २०२० च्या ‘गेनशिन इम्पॅक्ट’ने चौघांची टोळी ठेवली, पण मैदानात एका वेळी एकच, बाकीचे बटणावर हजर. १९९८ च्या ‘बाल्डर्स गेट’ने तिसरी वाट काढली: लढाई आपोआप चालू, सहा सेकंदांच्या फेऱ्यांत फासे पडतायत, आणि तुम्ही वाटेल तेव्हा घड्याळ थांबवून हुकूम सोडायचे. आणि १९९१ च्या ‘फायनल फॅन्टसी ४’पासून हिरोयुकी इतो यांनी आणलेली पट्टी भरण्याची पद्धत: घड्याळ चालू, तुमची पट्टी भरली की पाळी तुमची. वेळ रिअल, पण नेम अजूनही पात्राचाच. म्हणून म्हटलं, रिअल-टाइम म्हणजे अ‍ॅक्शन असं नाही.

आणखी एक फरक खेळताना लगेच जाणवतो. अडकलात तर काय करता? पारंपरिक खेळात मागे जाऊन चार राक्षस मारता, लेव्हल वाढवता, परत येता. अ‍ॅक्शनमध्ये त्याच बॉसपुढे चाळीस वेळा मरता आणि एकेचाळिसाव्या वेळी तुमचाच हात सुधारलेला असतो. चांगला अ‍ॅक्शन आरपीजी दोन्ही दारं उघडी ठेवतो: हात चालत नसेल तर लेव्हल वाढवा, कंटाळा असेल तर हात चालवा. काटकसरीचंही तसंच. पारंपरिक खेळात मंत्रशक्ती आणि औषधं सबंध गुहेभर पुरवायची असतात, महिनाअखेरच्या पगारासारखी. अ‍ॅक्शनमध्ये दमाची पट्टी दोन सेकंदांत संपते, दोन सेकंदांत भरते, चिंता फक्त पुढच्या श्वासाची.

आणि अंगाचा प्रश्न आहेच, त्यावर कुणी फारसं बोलत नाही. माझे मामा अडुसष्ट वर्षांचे, हात जरा थरथरतो. टॅबवर टर्न-बेस्ड खेळ असे रंगून खेळतात की मामी जेवणाचं ताट तिथेच आणून देते. अ‍ॅक्शन खेळ दिला तर पाच मिनिटांत परत करतात, आणि दोष स्वतःला देतात, जे मला बघवत नाही. मी स्वतः ठाण्याहून ऐरोलीला ट्रान्स-हार्बरने जाते. सकाळी उभं राहून एका हाताने कडी धरलेली, दुसऱ्या अंगठ्याने जे खेळता येईल तेच. दिघ्याला लढाई सुरू केली आणि ऐरोली आलं तर फोन खिशात टाकता येतो, राक्षस मुकाट्याने माझी वाट बघतो. अ‍ॅक्शनवाला राक्षस वाट बघत नसतो.

‘टर्न-बेस्ड जुनं झालं’ असं मध्यंतरी सगळे म्हणायचे. ‘फायनल फॅन्टसी’ २०२३ च्या सोळाव्या भागात पूर्ण अ‍ॅक्शनकडे गेला. त्याच वर्षी फासे उघड्यावर टाकणारा, चक्क पाळीपाळीने खेळायचा ‘बाल्डर्स गेट ३’ आला आणि गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम खेळ ठरला. २०२५ मध्ये तर उलटसुलटच झालं. पोकेमॉनच्या ‘लेजेंड्स झेड-ए’मध्ये लढाई रिअल-टाइम झाली, आणि फ्रेंच स्टुडिओच्या ‘क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पिडिशन ३३’ने पाळी ठेवून शत्रूच्या पाळीत तुमचं बोट कामाला लावलं: वार येताना नेमक्या क्षणी बटण दाबलंत तर तो परतवता येतो. ही कल्पनाही नवी नाही, १९९६ च्या ‘सुपर मारिओ आरपीजी’त नेमक्या वेळी बटण दाबलं की फटका जोरात बसायचा. पाळी आहे, हातही आहे. कॅरम!

आता तुमचा प्रोजेक्ट. तिघं आहात आणि एक वर्ष आहे, त्यातही सबमिशन, व्हायवा आणि प्लेसमेंटची धावपळ. अ‍ॅक्शनमध्ये प्रत्येक शत्रूला निदान चार-पाच हालचाली लागतात: चाल, चाहूल, वार, मार खाणं, पडणं. प्रत्येकीचे फ्रेम मोजायचे, तलवार कुठे लागते त्याचे हिटबॉक्स, कॅमेरा भिंतीत घुसू नये याची काळजी, आणि सगळं बरोबर करूनही एखाद्या फोनवर ते ढेकळासारखं वाटणार, कारण टच उशिरा पोचतोय. तुमच्यात अ‍ॅनिमेशन करणारं कुणी नाही असं तू लिहिलंयस. मग हा नाद सोडा. टर्न-बेस्डमध्ये तुमची चूक एका एक्सेल शीटमध्ये सापडते. राक्षस फार चिवट आहे? आकडा बदला, परत चालवा, तासाभरात वीस वेळा. परीक्षकाला दाखवतानाही सोपं, त्यांच्या हातात कंट्रोलर देऊन ते पहिल्याच खड्ड्यात पडले असं होत नाही.

हाताची चव हवीच असेल तर पाळीच्या रचनेवर एकच गोष्ट चढवा, वार परतवण्याचं बटण. सुरुवातीला मुभा ऐसपैस ठेवा, सेकंदाचा एक तृतीयांश तरी, आणि बटण चुकलं तरी लढाई जिंकता येईल असे आकडे बसवा. चाहूल अंगठ्याखाली येत नाही ना, ते स्वतःच्या फोनवर नाही, वर्गातल्या सगळ्यात लहान स्क्रीनच्या फोनवर बघा.

आणि कोड लिहायला बसायच्या आधी एक शनिवार सगळी लढाई कागदावर खेळा. एकाने राक्षस व्हायचं, दुसऱ्याने टोळी, तिसऱ्याने वहीत दर पाळीचे आकडे लिहायचे. तीस लढाया झाल्या की कुठला मंत्र कुणीच वापरत नाही आणि कुठल्याशिवाय चालत नाही ते त्या वहीतच दिसेल. वीस बाजूंचा फासा मागवत बसू नका. ल्यूडोच्या डब्यातला सहाचा चालतो.